आधी एक बदाम फोडून बघा

हैदराबादच्या बेगम बाजारात सुकामेव्याच्या दुकानापुढे उभं राहिलं की नवख्या गिऱ्हाइकाचा गोंधळ ठरलेला. पोत्यांच्या कडा दुमडून मांडून ठेवलेले बदामाचेच चार-पाच ढीग, दिसायला सगळे सारखे, भावात मात्र दुपटी-तिपटीचा फरक. काजूचं त्याहून अवघड. मागून हातगाडीवाल्याचा ‘बाजू, बाजू’चा धोशा चालू असतो, दुकानदार एकाच वेळी तिघांशी बोलत असतो. अशा घाईत बोट दाखवून किलोभर माल बांधून घेतला जातो आणि दोष उघडा पडतो घरी, लाडू वळताना. बदामाला जुन्या तेलाचा दर्प येतो, काजूची पूड तुपकट होते, अंजिराच्या पोटात जाळी निघते. मग कितीही वेलदोडा घाला, खवटपणा लपत नाही.

घरी सुकामेव्याचं गोड करण्याची सध्या मोठी हौस आहे. ‘साखर नाही, मैदा नाही, सगळं पौष्टिक’ म्हणून डबेच्या डबे भरले जातात. हेतू चांगला आहे, पण हिशेब बहुतेक वेळा चुकतो. या पदार्थांचं बरंवाईट कढईत फारसं ठरत नाही. अर्धं ते दुकानाच्या फळीवर ठरतं आणि उरलेलं अर्धं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर.

बेगम बाजारापासून सुरुवात करायला आणखी एक कारण आहे. उस्मानिया रुग्णालयाच्या मागच्या अंगाला पसरलेला हा घाऊक बाजार निजाम अलीखानाच्या बेगमेनं, हुमदा बेगमेनं, व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर उभा राहिला, असं सांगतात. निजाम अलीखान म्हणजे १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांसमोर उभा ठाकलेला तोच. पुढे १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होता. नांदेड-परभणीकडची कितीतरी घरं शिक्षणासाठी, नोकरीसाठी इथे आली आणि सुलतान बाजार, काचीगुडा, जामबाग या भागांत स्थिरावली. जामबागेतली विवेकवर्धिनी शाळा बेगम बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दिवाळीच्या आधी भांडी, मसाले आणि सुकामेवा एकाच फेरीत उरकायचा, हा या घरांचा जुना शिरस्ता. इथली बोली दखनी. भाव पटला नाही तर ‘नक्को’ म्हणायचं. हा ‘नक्को’ मूळचा आपलाच ‘नको’, त्यामुळे मराठी माणसाला घासाघीस करताना परकं वाटत नाही.

आता खरेदी. बदाम घेताना एक दाणा मागून घ्यावा आणि दातानं किंवा नखानं मधोमध फोडावा. काडकन तुटला आणि आतून सर्वत्र सारखा पांढरा दिसला तर ताजा. मध्यभागी पिवळसर झाक असेल, तुटण्याऐवजी वाकत असेल, तर तो जुना किंवा ओल लागलेला. मग चावून अर्धा मिनिट थांबावं, कारण खवटपणा जिभेवर उशिरा येतो आणि घशाशी राहतो. सपाट, लांबट, एकसारखा दिसतो तो कॅलिफोर्नियाचा. सुरकुतलेला, होडीसारखा वळलेला, तेलकट असतो तो मामरा, इराण-अफगाणिस्तानकडचा. बारका, टणक तो गुरबंदी. मामरा चवीला उत्तम, यात वाद नाही. पण तो भाजून, कुटून, खजुरात कालवायचा म्हणजे पैठणीचं पायपुसणं करण्यासारखं आहे. लाडवाला साधा बदाम चालतो. मामरा नुसता खावा.

काजूवरच्या अक्षर-आकड्यांचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० यांतलं ‘डब्ल्यू’ म्हणजे पांढरा अख्खा गर आणि आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती काजू बसतात तो. आकडा जितका लहान तितका काजू मोठा आणि भाव चढा. मोठा काजू अधिक पौष्टिक असतो, ही समजूत मात्र निराधार आहे; भाव आकाराचा असतो. पूड करायची तर पाकळी किंवा तुकडा मागावा. माल तोच, दाम कमी. फक्त तुकड्यात करपलेले, करडे दाणे जास्त मिसळलेले नाहीत ना, हे मूठभर तळहातावर पसरून बघावं. हैदराबादेत आंध्रातल्या पलासाचा काजू मुबलक मिळतो. कोकणाशी नातं असलेलं घर वेंगुर्ल्याच्या काजूशिवाय दुसऱ्याला नावाजणार नाही, पण दळल्यावर दोन्हींची वडी सारखीच होते, हे दबक्या आवाजात सांगायला हरकत नाही.

अक्रोड सगळ्यांत नाजूक. त्यातलं तेल हवेत लवकर बिघडतं, म्हणून फिकट रंगाचे, मोठे अर्धे घ्यावेत. काळपट तुकडे स्वस्त मिळाले तरी सोडावेत. अंजीर माळेतलं असो की सुटं, घरी आल्यावर एकेक फाडून बघितल्याशिवाय वापरू नये. पाकिटातल्या खजुरावरची बारीक अक्षरं वाचावीत. घटकांत ‘ग्लुकोज सिरप’ असेल, तर बिनसाखरेच्या लाडवाची गोष्ट तिथेच संपली. सोललेल्या पिस्त्याचा हिरवा रंग फारच झगझगीत वाटला तर दोन दाणे कोमट पाण्यात टाकावेत. पाणी गडद हिरवं झालं तर तो रंग पिस्त्याचा नव्हे. केशरी, मऊ, गुबगुबीत जर्दाळूंना गंधकाची प्रक्रिया केलेली असते. तपकिरी, सुरकुतलेले जर्दाळू दिसायला गरीब, पण प्रक्रियेविना सुकवलेले. दम्याचा त्रास असलेल्यांच्या घरात तरी तपकिरीच आणावेत, कारण गंधकाच्या संयुगांनी काहींना दम उसळतो.

शेंगदाण्याला या पंगतीत मागच्या पाटावर बसवलं जातं. ते बरोबर नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात प्रथिनं साधारण २३ ते २५ ग्रॅम, बदामात १८ ते २१. भावात तर तुलनाच नको. हैदराबादेत शेंगदाण्याला ‘पल्ली’ म्हणतात आणि चिक्कीला ‘पल्लीपट्टी’. अट एकच: बुरशी लागलेला, सुरकुतलेला, काळपट किंवा कडू दाणा सापडला की तो चिमटीनं उचलून फेकायचा. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं पूर्णपणे जात नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला १९७२ पासून असलेली इक्रिसॅट ही संस्था भुईमुगावर आणि या विषावर काम करते, इतका हा विषय गंभीर आहे. घरात करायचं ते इतकंच, की दाणे ताटात पसरायचे आणि चष्मा लावून निवडायचे. आजी निवडायची तसे.

आता हिशेबाकडे. बेगम बाजारापासून सात-आठ किलोमीटरवर, तारनाक्याला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली. देशभरातले आहारतज्ज्ञ ज्या तक्त्यांवरून अन्नातली पोषणद्रव्यं मोजतात, ते तक्ते इथलेच. या संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात त्यांनी तेलबिया आणि सुकामेवा मिळून ३५ ग्रॅम धरलाय. पस्तीस ग्रॅम म्हणजे एक मध्यम मूठ, आणि तीही दिवसभराची. भाजीत घातलेला शेंगदाण्याचा कूट आणि चटणीतले तीळसुद्धा त्यातच आले. साखरेबाबत जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: वरून घातलेली साखर, गूळ, मध वगैरे मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्के, म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम. सहा लहान चमचे. दिवसाचे दोन चहा यातले दोन-तीन चमचे घेऊन जातात.

हे दोन आकडे डोक्यात ठेवून खजुराचा लाडू वळायला घ्यावा. बी काढलेला मऊ खजूर २५० ग्रॅम, बदाम १००, काजूपाकळी ५०, अक्रोड ५०, तीळ २५ ग्रॅम, तूप दोन लहान चमचे, पाव जायफळ किसून. खजूर ‘किमिया’ नावानं मिळतो तसा मऊ असेल तर नुसता कुस्करला तरी भागतं. कोरडा असेल तर बारीक चिरून घ्यावा.

भाजणं हा यातला खरा कसबाचा भाग. सगळं एकत्र कढईत टाकण्याचा मोह आवरावा, कारण तीळ होईपर्यंत बदाम कच्चे राहतात आणि बदाम होईपर्यंत तीळ जळतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बदामाला सात-आठ मिनिटं लागतात, काजूला चार-पाच, अक्रोडाला तेवढीच, तिळाला तडतडायला लागले की पुरे. बदाम झाले का, हे वरच्या सालीवरून कळत नाही. एक काढून अर्धा करावा. आत फिकट बिस्किटाचा रंग दिसायला लागला की लगेच ताटात ओतावेत. गरम कढईत ठेवले तर ते आतल्या आत भाजत राहतात आणि पाच मिनिटांत कडवट होतात. भाजताना तेल-तूप काहीही नको. सुक्यामेव्यात स्वतःचंच भरपूर असतं.

पूर्ण गार झाल्याखेरीज मिक्सरला हात लावायचा नाही. गरम दाणे फिरवले की तेल सुटतं आणि भांड्याच्या तळाशी लोण्यासारखा लगदा बसतो. फिरवायचंही दोन-दोन सेकंद, थांबून, भांडं हलवून. दाताखाली यावेत इतके जाडसर तुकडे राहू द्यावेत. ते चावावे लागतात आणि त्यामुळे एका लाडवात समाधान होतं. मग तुपावर खजूर चार मिनिटं परतावा, गोळा कढईच्या कडा सोडू लागला की आच बंद करून भरड, तीळ, जायफळ घालावं आणि कोमट असतानाच वळावं.

वळण्याआधी काटा काढावा. वीस ग्रॅमचा एक, या मापानं एवढ्या जिनसांत चोवीस लाडू होतात. वीस ग्रॅम म्हणजे मोठ्या बोराएवढा. सवयीच्या हातानं वळलेला लाडू बहुतेक वेळा पस्तीस-चाळीस ग्रॅमचा भरतो, म्हणजे एकात दोन. या लहान लाडवात साधारण ८५ ते ९० कॅलरी असतात. घरच्या एका लहान पोळीइतक्या. साखर साडेसहा ग्रॅमच्या आसपास, सगळी खजुरातली.

आणि इथेच एक गंमत आहे. हलवाई पद्धतीची काजूकतली दोन भाग काजू आणि एक भाग साखर अशी केली, तर तिच्या वीस ग्रॅमच्या तुकड्यातही साखर सहा-साडेसहा ग्रॅमच निघते! ‘बिनसाखरेचा’ म्हणून मिरवणारा लाडू आणि बदनाम कतली, दोघं तराजूत जवळपास बरोबरीला. फरक आहे तो असा, की खजुरातली साखर तंतूंसकट येते, सोबत पोटॅशियम वगैरे आणते, आणि अख्ख्या फळातली म्हणून वर सांगितलेल्या पंचवीस ग्रॅमांत ती धरत नाहीत. हा फरक खरा आहे. पण मधुमेह असलेल्या काकांनी ‘खजुराचाच तर आहे’ म्हणत तीन लाडू तोंडात टाकावेत, एवढा मोठा तो नाही. त्यांच्यासाठी लाडू आणि दुपारची पोळी यांची अदलाबदल करावी लागते, आणि ती डॉक्टरांना विचारून. गुळाचंही तेच. गुळाला चव आहे, रंग आहे, थोडी खनिजं आहेत. पण तो शेवटी साखरेचाच भाऊ.

साखर कमी करायचा सोपा मार्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहे: पाक टाळणे. पाकात गोडी बांधण्याचं काम करते, म्हणून प्रमाण घटवलं की वडी भुरभुरते. चिक्कीत दाण्यांच्या जवळजवळ बरोबरीनं गूळ लागतो तो यामुळेच. उपासाचा दाण्याचा लाडू मात्र बिनपाकाचा. २०० ग्रॅम भाजून सोललेल्या दाण्यांचा कूट आणि ८० ग्रॅम चिरलेला मऊ गूळ एकत्र करून मिक्सरमधून दोनदा फिरवला की दाण्याचंच तेल सुटतं आणि लाडू आपोआप वळतो. चार थेंब तूपही लागत नाही. बाकी सगळीकडे नको असलेलं तेल सुटणं इथे कामाला येतं. दहा मिनिटांचं काम, आणि मुलांच्या डब्यात याच्याइतका भरवशाचा गडी दुसरा नाही.

हैदराबादची स्वतःची बदामाची मिठाई म्हणजे ‘बादाम की जाली’. बदामाच्या, काही ठिकाणी काजू मिसळलेल्या, कणकेसारख्या गोळ्याची पातळ पोळी लाटायची, साच्यानं नक्षीदार भोकं पाडायची, वर वर्ख लावायचा आणि हलकं भाजायचं. तिचीच बहीण ‘अशर्फी’, निजामी नाण्याचा छाप उठवलेली. शादीच्या आणि ईदच्या थाळीत या दोघींचा मान मोठा. साखरेचा पाक यात लागत नाही, म्हणून घरगुती प्रयोगाला ही मिठाई फार सोयीची आहे.

२०० ग्रॅम बदाम उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवून सोलावेत, कापडावर रात्रभर कोरडे करावेत. ओल राहिली तर पूड होत नाही, लापशी होते. ८० ग्रॅम पिठीसाखरेतली अर्धी बदामांबरोबरच मिक्सरमध्ये घालावी, ती सुटणारं तेल शोषते. पूड रव्याच्या चाळणीनं चाळून घ्यावी, चाळ पुन्हा फिरवावा. उरलेली साखर मिसळून दोन-तीन लहान चमचे गुलाबपाणी थेंबाथेंबानं घालत गोळा बांधावा. मळायचं अगदी बेतानं. पोळीच्या कणकेसारखं तिंबलं की तेल वर येतं. बटर पेपरच्या दोन घड्यांत घालून भाकरीपेक्षा पातळ लाटावं, छोट्या वाटीनं गोल कापावेत, बाटलीच्या झाकणानं मधे खिडकी पाडावी. १५० अंशांवर तापवलेल्या भट्टीत दहा-बारा मिनिटं, कडा जेमतेम पिवळ्या होईस्तोवर. बाहेर काढल्यावर मऊ लागतात म्हणून पुन्हा आत सारू नयेत, गार झाल्यावर त्या आपोआप खुटखुटीत होतात. दहा ग्रॅमच्या अठ्ठावीस-एक जाळ्या होतात, प्रत्येकीत साखर तीन ग्रॅमच्या आत. वर्ख लावायचाच असेल तर प्राण्यांचं कातडं-आतडं न वापरता बनवलेला, तसा उल्लेख छापलेला घ्यावा; अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियमच तसा आहे. नाही लावला तरी जाळी देखणी दिसते.

इथली दुसरी देणगी खुबानी. लग्नाच्या पंगतीतला ‘खुबानी का मीठा’ चांगलाच साखरबुडवा असतो. घरी तपकिरी जर्दाळू २५० ग्रॅम, अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावेत, सकाळी बिया काढून त्याच पाण्यात अर्धा तास मंद शिजवावेत. जर्दाळूची आंबटगोड चव एवढी भरदार असते की साखर बहुतेक वेळा लागतच नाही. वर मलईऐवजी बांधलेल्या दह्याचा चक्का घालून बघावा. जर्दाळूच्या बिया फोडून आतला बदामासारखा गर वर पेरायची पद्धत आहे, तिथे मात्र सावध राहावं. हा गर गोड असला तर ठीक. कडू लागला तर सगळा टाकून द्यावा, कारण कडू गरातल्या अमिग्डालिनपासून पोटात सायनाइड तयार होतं. ‘कडू म्हणजे औषधी’ हा आपला लाडका सिद्धांत इथे चालवू नये.

मराठवाड्यातल्या घरात थंडीची चाहूल लागली की डिंकाचे लाडू ठरलेलेच. त्यात खारीक भरपूर असते, तरीही हात सैल सोडून गूळ घातला जातो. २५० ग्रॅम खारीक, २०० ग्रॅम किसलेलं सुकं खोबरं, १०० ग्रॅम डिंक, १०० ग्रॅम बदाम आणि ५० ग्रॅम गोडंबी घेतली, तर २०० ग्रॅम गूळ पुरतो. खारकेची गोडी खालून साथ देते. खारीक अख्खी आणावी, बी काढून उन्हात कडकडीत वाळवून कुटावी. डिंक आधी ऊन दाखवलेला असावा आणि चमचाचमचाभरच तळावा. प्रत्येक खडा आतपर्यंत फुलला पाहिजे, नाहीतर तो दाढेत चिकटून बसतो आणि लाडवाची कीर्ती घरभर होते. गोडंबी ही बिब्ब्याची बी. तिच्या टरफलातल्या तेलानं अंगावर उततं, हे खेड्यातल्या कोणालाही सांगावं लागत नाही; विकत आणलेल्या गोडंबीवर काळ्या सालीचे कण चिकटलेले दिसले तर ते खरवडून टाकावेत. तूप आणि खोबरं यांमुळे हा लाडू भारीच राहणार. बाळंतिणीसाठी, कष्टाच्या कामासाठी योजलेला हा पदार्थ आहे. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यानं त्याचा आकार निम्मा करावा, एवढंच.

गोडंबीवरून आठवलं. काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा आणि आंबा ही सगळी एकाच वनस्पतिकुळातली मंडळी. ज्याला काजूची अ‍ॅलर्जी असते, त्याला पुष्कळदा पिस्त्याचीही निघते. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, घसा आवळणे असं कधी झालं असेल, तर ‘थोडासा खाऊन बघ’ हा आग्रह जिवावर बेतू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनळीत अडकतात. पूड किंवा गुळगुळीत लगदा करून द्यावा. मध घातलेलं काहीही वर्षाच्या आतल्या बाळाला नको.

साठवणीत हैदराबादचा उन्हाळा आड येतो. पारा चाळिशीच्या पुढे गेला की फळीवरच्या डब्यातला अक्रोड महिन्याभरात खवटतो. घाऊक बाजारात भाव पडतो म्हणून पाच-पाच किलो आणणं तेव्हाच परवडतं, जेव्हा दोन-तीन घरं मिळून वाटून घेतात. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं तर काजू-बदाम सहा महिने चांगले राहतात. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये, अर्धा तास तशीच ठेवावी. नाहीतर गार दाण्यांवर बाष्प धरतं आणि बुरशीला आवतण मिळतं. खजुराचे लाडू बाहेर आठवडाभर, फ्रीजमध्ये महिनाभर टिकतात. जाळ्या कोरड्या असल्यानं डब्यात पंधरा दिवस सहज राहतात, पण तशी वेळ क्वचितच येते. रमजान आणि दिवाळीच्या तोंडावर बेगम बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि फोडून, चाखून बघायची सवड कोणालाच नसते. त्याआधीच्या महिन्यात, सकाळी दुकानं उघडताना जावं.

परदेशातल्या मुलांना डबा पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अमेरिका-इंग्लंडातल्या पुष्कळ शाळांत दाणे-बदामाला बंदी असते. नातवंडांच्या शाळेच्या डब्यासाठी हाच खजुराचा लाडू भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया भाजून करता येतो, प्रमाण तेच. आणि डबा दुबई-अबुधाबीला जाणार असेल, तर लाडवात खसखस घालू नये. संयुक्त अरब अमिरातींत खसखस आणायला मनाई आहे, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला डिंकाच्या लाडवाची परंपरा समजावून सांगणं अवघड असतं. खसखशीऐवजी भाजलेले पांढरे तीळ घालावेत आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवून आत काय-काय आहे ते लिहावं.